सोनेरी नावांचं रेंडर

“फुलं तीच, कमान तीच. बदलतं फक्त नाव. मग सगळं पुन्हा पुन्हा रेंडर कशाला करायचं, ताई?”

तेजल बनकरने विचारलं खरं, पण तो प्रश्न नव्हताच. उत्तर तिने आधीच तयार करून ठेवलं होतं आणि ते दाखवायला ती सकाळपासून उतावीळ झाली होती.

वत्सलाताई धुमाळ खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. लग्नांच्या कॅसेटी निघायच्या तेव्हापासून त्या फलटणमध्ये व्हिडिओ जुळवण्याचं काम करतात. कितीतरी पोरापोरींना त्यांनी शिकवलं, जीव लावून शिकवलं. मात्र एखादं काम पुरतं कुणाच्या हाती सोडायचं म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होई. या बाबतीत तुम्ही महाचिक्कू आहात, हे त्यांना तोंडावर सांगणारी तेजल पहिलीच.

त्याच तेजलला त्यांनी या वेळी शब्द दिला होता. हे काम नीट उतरलं, तर उद्या समारंभाला तिने एकटीने जायचं.

समारंभ एका शाळेच्या बक्षिसांचा होता. मुख्याध्यापकांचा हट्ट असा, की नुसत्या हुशार मुलांचं नाही, शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव, ते बक्षीस घ्यायला येताना, मोठ्या पडद्यावर फुलांच्या कमानीखाली सोनेरी अक्षरांत यायला हवं. हट्ट गोड होता, पण सर रोज फोन करत. झेंडू नको, मोगरा घ्या. मग मुलींच्या नावाआधी ‘कुमारी’ लावायचं राहिलं म्हणून फोन. दर फोनला मशीन घरघरत पहिल्या नावापासून सगळं पुन्हा तयार करायला बसे आणि तेजल डोक्याला हात लावून त्याच्या तोंडाकडे बघत बसे.

आता तिने ताईंना समजावून सांगितलं. कमान आणि फुलं एकदाच रेंडर करून, म्हणजे त्यांचं हलतं चित्र पुरतं तयार करून, बाजूला ठेवली. नावं त्यावर आपोआप चढतात. एक नाव बदललं तर तेवढंच नव्याने होतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. चहा निवायच्या आत सगळी नावं एकामागोमाग जोडूनसुद्धा होतात. उद्या एकदा चालू करून दिलं की शेवटच्या नावापर्यंत कुणाला बघायलाही नको.

“तुझं तूच शोधलंस?”

“तुम्हीच म्हणाला होता ना, बदलत नाही ते पुन्हा करू नये.”

“मी म्हणाले? ...शहाणीच आहे की मी.”

ताईंना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी तेलकट हातानेच तिच्या गालाला हात लावला. तेजलनेही तो पुसला नाही.

तिने दिवा मालवला आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पाडलं. चाचणी म्हणून पहिलं नाव तिने मुद्दाम ताईंचंच घातलं होतं. कमान उभी राहिली, मोगरा गळू लागला आणि अक्षरं उमटली. कुमारी वत्सला धुमाळ.

“कुमारी काय गं, चावट.”

ताई खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा लाव. मी बक्षीस घ्यायला येते.”

त्या दारापर्यंत गेल्या, पदर सारखा केला आणि तिथून भिंतीकडे निघाल्या. एक हात टेबलाच्या कडेवर. गुडघा दुखत होता, त्यामुळे पाऊल जरा थांबून पडत होतं.

त्या अर्ध्या वाटेत असताना नाव विरून गेलं.

ताई चालतच राहिल्या. भिंतीपाशी पोचून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तोवर वर अक्षरं उमटली होती. कुमार संग्राम निकाळजे.

तेजलला हसू आवरेना. ताई मात्र हात तसेच धरून उभ्या होत्या.

“मी संग्राम का गं?”

तेजलचं हसू ओसरत गेलं...

“कावेरी,” ती हळूच म्हणाली.

“ती कोण?”

तेजल फोटो काढायला शाळेत गेली होती, तेव्हा चौथीतली ती मुलगी भेटली होती. दोन्ही काखांत कुबड्या. वर्गातून मैदानावर यायला तिला बराच वेळ लागला. आल्यावर तिने आधी घाम पुसला, केस नीट केले, आणि मग म्हणाली, आता काढा. हे सगळं सांगताना तेजलला स्वतःचाच राग येत होता.

“सगळ्यांना सारखाच वेळ दिलाय मी. वाढवते.”

“किती?”

तेजलचं बोट आकड्यांवर गेलं आणि तिथेच अडलं.

तिला एकेक मूल डोळ्यांपुढे दिसू लागलं. कुणी पळत येईल, कुणी लाजून मध्येच थांबेल, कुणी आधी आईकडे बघेल.

“म्हणजे काम नीट उतरलं नाही. उद्या मी जायचं नाही,” ती म्हणाली.

ताई भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि पाय लांब केला.

तेजल मशीनकडे वळली. तिने जोडलेली नावं पुन्हा सुटी केली. मोगरा गळायचा तुकडा असा जुळवला की त्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला मिळावा. तेवढा एकच तुकडा रेंडर केला आणि सगळ्या नावांखाली घातला. आता नाव आलं की फुलं गळत राहत, हवा तितका वेळ. बटण दाबल्याशिवाय नाव हलत नव्हतं.

काम उत्तम झालं होतं, तरी तिचा चेहरा उतरलेलाच होता.

“ताई, बटणावर कुणीतरी बसायला लागेल. सगळी मुलं होईपर्यंत. आणि बघायचं पडद्याकडे नाही, मुलांकडे.”

“होय.”

“कुणाला बसायला लागू नये म्हणून तर एवढी खटपट केली मी.”

“होय की.”

“...मग कोण बसणार?”

“तूच. एकटी.”

तेजल बघतच राहिली. एवढे दिवस तिला हेच ऐकायचं होतं आणि आता डोळ्यांत पाणी आलं.

ताई टेबलाला धरून उठल्या आणि पुन्हा दारापर्यंत गेल्या. पदर सारखा केला.

“लाव माझं नाव. आणि बोट बटणावरून काढ... मी येतेय.”