दुसऱ्या वेलांटीचे साहेब

शिष्यवृत्ती कार्यालयातले धांडे साहेब अर्जात चूक सापडली की पेढा मिळाल्यासारखे खुलायचे. यामिनी गेडामचा अर्ज त्यांनी दोनदा परत पाठवला होता. शेवटच्या दिवशी ती स्वतःच त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"सर, आज मंजुरी नाही मिळाली तर कॉलेजातून नाव कमी होईल. चुकलंय तरी काय?"

"गुणपत्रिकेवर 'यामिनी', पहिली वेलांटी. आधार कार्डावर 'यामीनी', दुसरी वेलांटी. वेलांटी बदलली की माणूस बदलला! शासनाच्या लेखी तुम्ही दोन वेगळ्या मुली आहात."

असं म्हणून साहेबांनी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं आणि खाली आपल्या नावाचा शिक्का हाणला.

यामिनीनं शिक्का वाचला, टेबलावरची पितळी पाटी वाचली आणि खुर्ची ओढून निवांत बसली.

"आता काय?" साहेब खेकसले.

"काही नाही सर. नामंजूर केलंय ते शिक्क्यावरच्या 'निळकंठ' धांड्यांनी, पहिल्या वेलांटीच्या. पाटीवर 'नीळकंठ' धांडे आहेत, दुसऱ्या वेलांटीचे. ते आले की त्यांच्याकडून मंजूर करून घेते."

अख्ख्या कार्यालयाला एकदम खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या वेलांटीचे साहेब मात्र तत्काळ हजर झाले, त्याच खुर्चीत, आणि मुकाट्यानं सही करून गेले.