नवशिक्यांची पिनबॉल स्पर्धा

फार वर्षांपूर्वी जत्रेवाले एक पिनबॉलचं यंत्र रानात विसरून गेले. घरंगळत येणारी गोळी दांडीने वर उडवायची. पडली की डाव संपला. मुंगसाने नवशिक्यांची स्पर्धा ठेवली. कासवाने दांडी दाबेपर्यंत गोळी पडली. हत्ती शिंकला आणि यंत्रच लवंडलं. सगळे पोट धरून हसले.

यंत्र पुन्हा उभं केल्यावर कोल्हीण आली. तिने चोरून सराव केला होता. तिची गोळी पडेचना. ताटकळलेलं कासव टेकडीवर जाऊन उताणं घसरू लागलं, मागोमाग हत्तीही.

“मुंगूसदादा, मी जिंकले ना?”

“केव्हाच जिंकलीस! पण डाव तर संपू दे,” मुंगूस जांभई देत म्हणालं.

टेकडीवर हशा पिकला. कोल्हिणीने गोळी पडू दिली आणि ती तिकडे धावली.

“मलाही घ्या की!”

“तुला येतं का घसरायला?” उताण्या कासवाने विचारलं.

“नाही.”

“मग ये!”