वडीवरचा मासा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची, आणि माणसांना सवड असली तर ती ऐकूनही घ्यायची.

एका डोंगराळ मुलखात एक नदी होती. नदीकाठी रिठ्याच्या झाडांची दाट राई होती आणि राईला लागून नागोअप्पाची भट्टी होती. नागोअप्पा रिठ्याच्या वड्या करायचा. रिठे उकळायचे, चोथा गाळून घ्यायचा, त्यात शिकेकाई आणि पांढरी माती कालवायची, साच्यात थापून उन्हात वाळवायचं. ही वडी अंगाला लावा, केसांना लावा, नाहीतर मळक्या धोतराला लावा. राजाचं डोकंसुद्धा याच वडीनं धुतात, असं लोक सांगत. राजाचं डोकं त्यांच्यापैकी कुणी जवळून पाहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

प्रत्येक वडीवर एका माशाचा ठसा असायचा. लाकडाचा तो ठसा नागोअप्पाच्या वडिलांनी कोरून घेतला होता. आमची वडी वापरा, नदीतल्या माशालाही तिचा त्रास नाही, असं त्यांना त्यातून सांगायचं होतं.

खरं तर रिठ्याचं पाणी माशाला बाधतं. ते पाण्यात मिसळलं की मासे गुंगतात आणि उलटे होऊन तरंगायला लागतात. वडिलांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी दोन रीती घालून दिल्या होत्या. भट्टीत उरलेलं कडू पाणी नदीत सोडायचं नाही, ते केळी, कर्दळी आणि अळूच्या मोठ्या आळ्यांत जिरवायचं. आणि भट्टीवाल्यानं स्वतःचं घर भट्टीच्या खालच्या अंगालाच बांधायचं, पिण्याचं पाणी तिथेच भरायचं. या दुसऱ्या रीतीला सगळे ‘खालचं पाणी’ म्हणत. भट्टीत काही चुकलं तर पहिला कडू घोट मालकाच्या तोंडी यावा, एवढंच तिच्यामागे होतं.

नागोअप्पा माणूस मोठा लोभस. मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत, आणि हसला की आधी पोट हलायचं, मग हसू ऐकू यायचं. त्याची एकुलती एक लेक गोजरा. तिला त्यानं नदीच्या खालच्या वाडीत, मासे धरणाऱ्यांच्या घरी दिली होती. चांगली चांगली स्थळं दूरची म्हणून त्यानं परत पाठवली होती. दर बाजाराच्या दिवशी गोजरा टोपलीत मासे घेऊन माहेरी यायची, आणि तिच्या हातचं कालवण जेवता जेवता अप्पाचं बोलणं काही केल्या संपायचं नाही.

पुढं वडीचं नाव मुलखाबाहेर गेलं. बैलांचे तांडेच्या तांडे दाराशी उभे राहू लागले. अप्पानं चुली वाढवल्या, कढया वाढवल्या. आळी मात्र होती तेवढीच राहिली. ती तुडुंब भरायला लागली, केळी सडायला लागल्या. तेव्हा त्यानं एक चर खणला आणि कडू पाणी सरळ नदीत सोडून दिलं.

“नदी केवढी मोठी आहे,” तो म्हणाला. “तिला काय होतंय एवढ्यानं!”

थोड्याच दिवसांत त्याच्या घरातलं पाणी कडवट लागू लागलं. आता अशा वेळी शहाण्या माणसानं चर बुजवायचा. आपल्या अप्पानं घर हलवलं! भट्टीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर छान वाऱ्याची जागा बघून नवं घर बांधलं. तिथलं पाणी नितळ आणि गोड. चराचा विषय त्याच्या डोक्यातून निघूनच गेला. गोड पाणी पिणाऱ्याला कडू पाण्याची आठवण येणार तरी कशी?

पण त्याच्या मनात कुठेतरी बोचत असावं, कारण तो भारीच उदार झाला. दरवर्षी तो गाड्या भरून वड्या खालच्या वाडीत न्यायचा आणि फुकट वाटायचा. पुढे ढोल, मागे ताशे. वाडीतली म्हातारी माणसं त्याला नारळ देत, गोजरा त्याला ओवाळी. येताना तो स्वतःचा पाण्याचा तांब्या बरोबर आणायचा, कारण वरच्या गोड पाण्याची त्याला सवय झाली होती.

एका वर्षी ओवाळून झाल्यावर गोजरानं तबक खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते.

“अप्पा, आता पुढच्या वर्षी इकडं येऊ नका.”

“का गं? माझं काही चुकलं?”

“आम्हीच नसणार. नदीत मासा उरला नाही. जाळी नुसतीच वर येतात. पावसाआधीच सगळी वाडी घाटापलीकडच्या तळ्यावर जाणार. तिथून माहेरी यायचं म्हटलं तर मला वाट तरी सापडंल का?”

लेक जवळ राहावी म्हणून अप्पानं काय काय केलं होतं!

“मी आणखी वड्या पाठवतो,” तो म्हणाला. “दुप्पट पाठवतो.”

गोजरा रडता रडता हसली. “वड्या कशाला? आमच्या नदीला आता आपोआपच फेस येतो.”

ते ऐकून तरी त्याला कळायला हवं होतं. पण कळलं नाही. तो खांदे पाडून परत आला आणि मासे कुठे गेले असतील याचा विचार करत भट्टीच्या अंगणात बसून राहिला. अंगणात उन्हात हजारो वड्या वाळत होत्या.

तेवढ्यात निळा लखलखता एक खंड्या आभाळातून सुसाट खाली आला आणि त्यानं वडीवरच्या माशावर दाणकन चोच मारली. दुसऱ्या क्षणी तो टुणकन मागे उडाला. चोचीतून बुडबुडे निघत होते. एक मोठा बुडबुडा तर त्याच्या डोक्यावरून तरंगत गेला. एवढ्या दुःखातही अप्पाचं पोट हलायला लागलं.

“अरे वेड्या,” तो म्हणाला, “तो खरा मासा नाही.”

खंड्यानं चोच दगडावर पुसली. “मला काय हौस आली होती? नदी वरपासून खालपर्यंत पालथी घातली. तुझ्या चरापासून खाली एक मासा नाही. म्हटलं, गेले तरी कुठं? इथं येऊन बघतो तर सगळे तुझ्या वड्यांवर येऊन बसलेले.”

अप्पाचं हसू तिथंच थांबलं.

“माझ्या चरापासून खाली?” त्यानं विचारलं.

“वर आहेत की. तू राहतोस तिथं. पण ती हद्द माझ्या थोरल्या भावाची. तो काही मला तिथं चोच बुडवू देत नाही.”

अप्पा उठला आणि तसाच खालच्या वाडीला चालू लागला. तांब्या घ्यायलाही घरी गेला नाही. ढोल नाहीत, गाड्या नाहीत, बाप असा एकटाच आलेला बघून गोजरा घाबरली.

“पोरी, पाणी दे.”

ती आतून झऱ्याचं पाणी आणायला वळली. पिण्याचं पाणी आता वाडीतल्या बायका डोंगरातल्या झऱ्यावरून आणत होत्या.

“ते नको,” अप्पा म्हणाला. “नदीचं दे.”

“नका हो अप्पा. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.”

तेव्हा तो स्वतःच काठाशी गेला, ओंजळ भरली आणि प्यायला. ती चव त्याला जन्मापासून ओळखीची होती. लहानपणी वडिलांच्या बोटाला लागलेली, हजार कढयांतून चाखलेली. त्याच्या स्वतःच्या भट्टीची चव होती ती. नागोअप्पा काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

घरी येऊन त्यानं बायकोला, तान्हाईला, सगळं सांगितलं. “घर खाली न्यायचं म्हणतो. वाडीच्याही खाली. तिथलं पाणी प्यायचं.”

तान्हाईला टेकाडावरचं घर फार आवडायचं. पण चुलीवरचं भांडं उतरवत ती म्हणाली, “चला. तेवढीच लेक जवळ.”

चर बुजवला गेला. अप्पा वाडीच्या म्हाताऱ्या माणसांसमोर पागोटं काढून उभा राहिला आणि म्हणाला, “मासे मी मारले. पुढच्या पावसापर्यंत थांबा. तोवर वाडीची चूल माझी.” वाडीनं जाण्याचा बेत पुढं ढकलला. वाडीतल्या गड्यांनी आणि भट्टीतल्या माणसांनी मिळून नवी आळी खणली, त्यांत केळी लावल्या, अळू लावलं. जेवढं पाणी आळ्यांत जिरेल तेवढेच रिठे चुलीवर चढू लागले. वड्या निम्म्याहून कमी झाल्या. आणि त्या वड्यांवर ठसा नव्हता.

“मासा कुठं गेला?” बाजारात लोक विचारत.

“नदीतला गेला, म्हणून वडीवरचाही गेला,” अप्पा सांगायचा.

काहींनी नाकं मुरडली आणि दुसरीकडून वड्या घेतल्या. ज्यांनी त्याच्याच घेतल्या, ते पुढच्या बाजारी पहिला प्रश्न नदीचा विचारू लागले. त्या दिवसांत अप्पाचं खालचं घर कडू पाण्यावरच चाललं. भात कडू, आमटी कडू. तान्हाई वाढताना नुसती त्याच्याकडे बघायची आणि तो मुकाट्यानं जेवायचा. हळूहळू कडवटपणा उतरत गेला.

मग पाऊस आला, नदी भरून वाहिली आणि ओसरली. एका सकाळी खंड्या भट्टीच्या अंगणात उतरला. त्याच्या चोचीत चांदीसारखा एक मासा वळवळत होता. तो त्यानं अप्पाला नीट दिसेल असा धरला आणि मग गिळला. देऊन टाकण्याइतका काही तो उदार नव्हता.

भट्टीतली माणसं आनंदानं ओरडली. कुणीतरी धावत जाऊन जुना ठसा आणला.

“थांबा,” अप्पा म्हणाला. त्यानं ठसा पागोट्यात गुंडाळला, खालच्या वाडीत नेला आणि लेकीच्या हातात ठेवला. “गोजरा, हा तुमच्या वाडीत राहू दे. दर हंगामाला मी मागायला येईन. तुमचं पाणी गोड असलं तर द्या. कडू लागलं तर दारातूनच परत पाठवा, बाप म्हणून गय करू नका.”

गोजरानं नदीचं पाणी तांब्यात भरलं, स्वतः घोटभर प्यायली, मग बापापुढे धरलं. त्यानं ते गटागटा संपवलं. तिनं पदरानं ठसा पुसला आणि त्याच्या हातात दिला. संध्याकाळी तान्हाईच्या चुलीवर माशांचं कालवण शिजत होतं आणि अप्पाचं बोलणं काही केल्या संपत नव्हतं.

नागोअप्पा गेला, गोजराही गेली. भट्टीवर पुढच्या पिढ्या आल्या. पण हंगाम सुरू झाला की भट्टीचा मालक रिकाम्या हातानं, ढोलताशांशिवाय, खालच्या वाडीत ठसा मागायला जाई, आणि आधी तिथलं पाणी पिई. बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात असू द्या:

आपल्या मालाचा चांगुलपणा जाणून घ्यायचा असेल, तर आपल्याकडून वाहून गेलेलं पाणी ज्याच्या घागरीत पडतं, त्याला विचारावं.