गोधडीवरची खूण

फार वर्षांपूर्वी, जंगलात पाखरांचीही दुकानं होती तेव्हा, रेवा नावाच्या शिंपी पक्षिणीने आईच्या माघारी तिची गोधड्यांची छोटी कंपनी चालवायला घेतली. आईची जुनी गिऱ्हाइकं टिकावीत म्हणून तिला चांगला लोगो हवा होता.

“अक्षरं बारीक आणि उंच काढ,” बगळा म्हणाला.

“छे! जाड, गोलमटोल काढ,” बेडूक म्हणाला. “आणि रंग हिरवा.”

“हो, तुझ्या पाठीसारखा! गप रे!” बगळा म्हणाला.

तेवढ्यात म्हातारी सशीण आली. तिने एक गोधडी मिशांनी चाचपली आणि खाली ठेवली. “ही तुझ्या आईची नव्हे गं.”

“आजी, कापड तेच आहे, शिवणही तीच.”

“तिच्या गोधडीला डोक्याकडे एक जाड लाल टाका असायचा. थंडीत, अंधारात तो मिशांना लागला की मला झोप यायची.”

रेवाला आई आठवली. प्रत्येक गोधडी संपली की ती तो टाका घालायची आणि चोचीने दाबून बघायची. ओबडधोबड दिसतो म्हणून रेवाने तो सोडून दिला होता.

“मग रंग कोणता ठरला?” बगळ्याने विचारलं.

रेवाच्या चोचीत लाल दोरा होता. गोधडीच्या डोक्याकडे ती जाड टाका घालत होती.