नवरंग ओ देत नाही

"मग आता का येत नाही तो, भंतेजी? काल येत होता, परवा येत होता. आज काय झालं त्याला?"

भंते सुमनतिस्स विहाराच्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रज्योत गजभिये पहाटेपासून नाल्यात बसून आला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातांवर डासांनी गांधी उठवलेल्या, आणि कॅमेऱ्यात काय, तर नुसती बांबूची पानं.

मृगाच्या तोंडाशी नवरंग या जंगलात घरटं करायला येतो. हिरवी पाठ, निळे खांदे, पोटाखाली कुंकवासारखा लाल. एवढे रंग अंगावर घेऊन हा पक्षी झुडपाखालच्या पाचोळ्यात फिरतो आणि शोधणाऱ्याचा जीव काढतो. पण जोडीदाराची असो की दुसऱ्या कुणाची, नवरंगाची शीळ कानावर पडली की त्याला राहवत नाही. उडून समोर येतो.

प्रज्योतच्या मोबाइलमध्ये ती शीळ होती.

शीळ लावली की नवरंग यायचा, समोरच्या फांदीवर बसायचा, मान वळवून वळवून पाहायचा. मग नाइलाजानं निघून जायचा. प्रज्योत पुन्हा लावायचा. तो पुन्हा यायचा. फोटो पुष्कळ मिळाले होते, पण दरवेळी पोटाचा लाल रंग सावलीत गेलेला. आणि आज, ऊन नेमकं फांदीवर पडलेलं असताना, पठ्ठ्या फिरकलाच नाही.

नागपुरात प्रज्योतचा दातांचा दवाखाना होता, पण माणसं त्याला ओळखायची ती पक्ष्यांमुळे. पक्षी वाचवा म्हणून तो शाळाशाळांतून बोलायचा. अभयारण्याच्या गेटाशी नवीन माहिती केंद्र होत होतं. त्याच्या दर्शनी भिंतीवर लावायला नवरंगाचा फोटो हवा होता, तोही त्याच्याकडेच मागितला होता. आणि पक्षी पाहायला त्याला शिकवलं होतं भंतेजींनीच, कॉलेजात असताना, याच विहारातल्या शिबिरात.

"शीळ वाजवतोस?" भंतेजींनी विचारलं.

"वाजवतो. पण अभयारण्यात नाही वाजवत, तिथं बंदी आहे. नाला हद्दीच्या बाहेर आहे."

"हद्द नवरंगाला ठाऊक आहे?"

"भंतेजी, माणसं आधी पक्षी पाहतील, तेव्हाच त्याला जीव लावतील ना? मी हे करतोय ते त्याच्याचसाठी."

भंतेजी तळहातावरचं तेल गुडघ्यात जिरवत राहिले.

"घरटं कुठं आहे तेवढं सांगा. तुम्ही पाहिलंय. मला माहीत आहे, तुम्ही पाहिलंय."

भंतेजींनी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं.

"जेवून घे," ते म्हणाले.

भंतेजींचं स्वतःचं भोजन माध्यान्हीच्या आत आटोपलं होतं. प्रज्योतनं कॅमेऱ्याची बॅग ओट्यावर ठेवली, विहाराला वळसा घालून मागच्या पडवीत गेला आणि गावातून आलेला डबा उघडून बसला. भात होता, वरण होतं, भरलेली वांगी होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्यानं भात कालवला.

"प्रज्योत!"

हाक पुढून आली. घास तसाच ताटात टाकून तो धावत गेला.

"काय भंतेजी?"

भंतेजी समोर पाहत होते.

"बोलावलंत ना?"

भंतेजींनी तेलाची बाटली बाजूला सरकवली.

म्हाताऱ्या माणसाचं विसरलं असेल काही, असं म्हणून तो परतला. हात धुतला, पुन्हा बसला.

"प्रज्योत! ए प्रज्योत!"

तो पुन्हा गेला. या वेळी चालत.

"आलास," भंतेजी म्हणाले.

"आलो. काय पाहिजे? पाणी आणू?"

"नको."

"मग?"

भंतेजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, जसं काही पहिल्यांदाच पाहत होते.

प्रज्योत पडवीत परतला तेव्हा वरणावर साय धरली होती. त्यानं दोन घास कसेबसे गिळले, आणि तिसरा तोंडाशी नेतो तोच पुन्हा हाक.

आता मात्र तो पाय आपटतच ओट्यावर आला.

"भंतेजी, काही काम आहे का?"

"नाही."

"गुडघा दुखतोय?"

"नाही."

"मग माणूस जेवायला बसला असताना त्याला हाका कशाला मारायच्या? रिकाम्या? मी काय इथं नुसतं येऊन उभं राहायचं?"

"छान दिसतोस," भंतेजी शांतपणे म्हणाले. "पण उजेड जरा कमी पडतो."

प्रज्योतच्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. आपल्याला काय ऐकवलं जातंय, ते त्याला कळलं; आणि कळल्यामुळेच जास्त राग आला. बोलायचं तर सरळ बोलावं! तो काय शिबिरातला पोरगा राहिला होता? गर्रकन वळून तो मागं गेला, ताटासमोर मांडी ठोकून बसला आणि मनाशी ठरवलं, आता कितीही बोंबललात तरी उठणार नाही.

"प्रज्योत!"

त्यानं वांग्याचा देठ चोखला.

"प्रज्योत! अरे ये!"

त्यानं भातावर वरण ओतलं.

"प्रज्योत! प्रज्योत, लवकर!"

आवाज चढत होता. काठी फरशीवर आपटल्याचाही आवाज आला. नाटक आता रंगात आलंय, प्रज्योत मनात म्हणाला, आणि मुद्दाम सावकाश चावू लागला. हाका येत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

तेवढ्यात टिनाच्या छतावर काहीतरी धाडकन आदळलं.

तो उष्ट्या हातानं धावला.

छतावर वानरांची टोळी होती. एका दांडग्या हुप्प्याच्या मांडीवर त्याची कॅमेऱ्याची बॅग होती. बाहेरच्या कप्प्यात सकाळची केळी राहिली होती. ती केव्हाच संपली होती आणि आता हुप्प्या आत आणखी काय आहे ते चाचपत होता. कॅमेरा छताच्या पन्हाळीला लोंबत होता. लांब लेन्स अंगणातल्या फरशीवर पडली होती, आणि तिच्या पुढच्या काचेचा भुगा उन्हात चमकत होता.

भंतेजी अंगणात उभे होते. वानरांमागं धावताना पडले असावेत. अंगावरचं चीवर चिखलानं भरलं होतं, कोपराला खरचटलं होतं, हातात काठी होती.

प्रज्योतनं दगड उचलून भिरकावले, आरडाओरडा केला. वानरं बॅग टाकून मोहाच्या झाडावर गेली. त्यानं लेन्स उचलली, हलवली. आत काचा खुळखुळल्या.

"ओरडायचं तरी ना, भंतेजी!" त्याचा आवाज फाटला. "वानरं आलीत म्हणून!"

"तुलाच ओरडत होतो."

"मला काय माहीत! मला वाटलं, आधीसारखंच..."

तो मध्येच थांबला.

भंतेजींनी कोपराची माती हातानं झटकली आणि काठी टेकत टेकत ओट्याच्या पायरीवर बसले. प्रज्योत उभाच राहिला. त्याला चीड आली होती, वानरांची, म्हाताऱ्याची, केळ्यांची. आणि त्या खरचटलेल्या कोपराकडे पाहवतही नव्हतं. शेवटी त्यानं आपला रुमाल ओला करून आणला, खाली बसला आणि कोपर पुसू लागला.

वारा पडला होता. वानरंसुद्धा गप्प होती.

खालून, नाल्यातून, शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ.

प्रज्योतचा हात थबकला. मोबाइल त्याच्या खिशात होता, बंद.

नाल्याच्या दुसऱ्या काठावरून, बांबूंच्या बेटातून, उत्तर यायला हवं होतं. तो कान देऊन राहिला.

...

शीळ पुन्हा आली, या वेळी अधिक जवळून. मग पुन्हा.

बांबूंच्या बेटात काहीच हललं नाही.

प्रज्योतनं भंतेजींकडे पाहिलं. मघाशी विचारलेला तोच प्रश्न, का येत नाही तो, पुन्हा ओठांवर आला.

"ही खरी आहे," भंतेजी म्हणाले.