मदरबोर्डाला जुळणारा डबा

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव दौलत. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तरीही लोक त्याला काम सांगायचे.

त्याची बायको यमुना हुशार. गावात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र ती एकटी चालवायची. ऐन शिष्यवृत्तीच्या हंगामात तिचा पाय मोडून प्लास्टरमध्ये गेला आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला. पॉवर सप्लाय म्हणजे आतल्या मदरबोर्डाला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. एकोणीस मुलींचे अर्ज राहिले होते. शनिवारी संध्याकाळी मुदत संपणार होती. अर्ज गेला नाही तर निम्म्या मुली शाळा सोडून घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती, पण ती पारावर बसून सल्ले देण्यात गुंतली होती. म्हणून दौलतला पाठवावं लागलं.

"अहो, तालुक्याला जा आणि मदरबोर्डाला जुळेल असा डबा आणा," यमुना म्हणाली.

दौलतने मदरबोर्ड नीट पाहून घेतला. हिरवागार होता. तालुक्यात बघतो तर सगळे डबे करडे. त्याने एक करडा डबा घेतला, हिरवा ऑइलपेंट घेतला आणि एसटी स्टँडवर बसून रंगाचे दोन हात मारले. आतल्या पंख्यालाही मारले.

पंखा चिकटून बसला. यमुनेने कपाळाला हात लावला.

"अहो, रंग नसतो बघायचा. वायरीच्या टोकाला प्लग असतो, त्याची भोकं मोजायची. चोवीस भरली की घ्यायचं."

"एवढंच ना? आधी सांगायचं," दौलत म्हणाला.

गुरुवारी तालुक्याचं दुकान बंद. यमुनेने त्याला गावच्या बाजारात टोमॅटो आणायला धाडलं. तो पिशवीभर हिरवे, कच्चे टोमॅटो घेऊन आला.

"हे काय आणलंत?"

"रंग नसतो बघायचा. चोवीस आहेत, मोजून घे."

यमुनेने राग गिळला. "दाबून बघायचं असतं हो. मऊ लागलं की घ्यायचं."

"एवढंच ना? आधी सांगायचं."

शुक्रवारी दौलतने दुकानातला एकेक डबा दाबून पाहिला. सगळे टणक. शेवटी कोपऱ्यात एक गंजका डबा सापडला. अंगठा टेकताच त्याचा पत्रा आत गेला. दौलतला आनंद झाला. दुकानदाराला त्याहून जास्त झाला.

घरी डबा जोडला, तर आतून झुरळ बाहेर आलं. वीज काही आली नाही. यमुना मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिने मदरबोर्ड खोलून काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि दौलतच्या हातात दिला.

"उद्या शेवटचा दिवस आहे. हा सोबत न्या. दोन्ही एकमेकांना जुळतात का ते दुकानातच बघा. जुळत नसतील तर बदलून घ्या. रंग बघू नका, दाबू नका, टोमॅटो विसरा."

"एवढंच ना? आधी सांगायचं."

शनिवारी दुकानदाराने नवा डबा काढला. प्लग मदरबोर्डात खटकन बसला.

"घ्या, एकदम फिट."

दौलतने डोळे बारीक करून पाहिलं. मदरबोर्ड चपटा, डबा चौकोनी. मदरबोर्ड खडबडीत, डबा गुळगुळीत.

"कुठं जुळतंय? बदलून द्या."

"अहो, बसलाय की. काय बदलून देऊ?"

दौलत विचार करू लागला. ही खोड त्याला क्वचितच लागायची. डबा तर दोनदा बदलून झाला होता आणि दोन्ही वेळा बायको रडकुंडीला आली होती. तीच चूक तिसऱ्यांदा करायला तो काही मूर्ख नव्हता. त्याने काय बदलायचं ते सांगितलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या शहाणपणात आडवं न येण्याचं ठरवलं.

पाच वाजता दौलत घरी पोचला. ओट्यावर एकोणीस मुली कागद छातीशी धरून बसल्या होत्या. यमुना हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार होती.

"जुळलं का?" तिने विचारलं.

"या वेळी बोलायला जागाच नाही," दौलत म्हणाला. त्याने लुगडं सोडलं आणि दोन पॉवर सप्लाय शेजारी शेजारी मांडले. दोन्ही नवे, दोन्ही करडे, दोन्हींचे प्लग चोवीस भोकांचे.

यमुनेने लुगडं झटकून पाहिलं. "मदरबोर्ड कुठाय?"

"तोच तर कशाला जुळत नव्हता," दौलत म्हणाला. "दिला बदलून. लाव आता."