मांडीखालचे हात

फार पूर्वी, काळ्या दगडाच्या एका डोंगराखाली पाथरवटांचं गाव होतं. पाटे, वरवंटे, जाती, उखळं, देवळाच्या पायऱ्या, सगळं तिथूनच पंचक्रोशीत जायचं. पोर रांगायला लागलं की त्याच्या हातात खुळखुळ्याऐवजी छिन्नी देतात, असं शेजारच्या गावचे लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती.

या गावाची एक रीत होती. माणूस गेलं की नदीच्या घाटावरल्या भिंतीत त्याचं नाव कोरायचं आणि मग ते नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. त्या घरातलं मूल शिकलं, की सुगीनंतरच्या पुनवेला सकाळी सगळ्या गावासमोर त्यानं ते नाव वाचायचं. तिथून पुढे नाव मोकळं. मग घरात त्या माणसाच्या गोष्टी निघायच्या, बाळाला ते नाव ठेवता यायचं. रीत कुणी घातली देव जाणे. पोरांनी शाळेत जावं म्हणून एखाद्या खट म्हाताऱ्यानं घातली असेल.

त्या गावात एक मुलगी होती. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. त्यामुळे आईचं नाव काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरात आई म्हणजे नुसती 'ती'. 'ती होती तेव्हा', 'ती म्हणायची', 'तिची साडी'. विहिरीवर बायका एकमेकींना हाका मारायच्या, तेव्हा ही कळशी घेऊन ऐकत उभी राहायची आणि एकेक नाव मनातल्या मनात आईला घालून बघायची. दुसऱ्याचं पोलकं घालून बघावं तसं. एकही नीट बसायचं नाही.

"बा, पहिलं अक्षर तरी सांग की," ती बापाला म्हणायची.

"वाच, म्हणजे कळेल," बाप म्हणायचा आणि पुन्हा छिन्नीवर हातोडा घालायचा. जेवताना कधीकधी त्याच्या ओठांवर काहीतरी यायचं. मग तो घाईघाईनं पाणी प्यायचा.

आता म्हणाल, वाचायला शिकायचं, त्यात काय एवढं? तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

गावच्या शाळेत गुरुजी नवे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी पोरांनी पाट्या ठोकून, जमीन उकरून त्यांना हैराण केलं. पाथरवटांचीच पोरं ती, हात गप्प बसतील कसे? गुरुजींनी आईबापांकडे गाऱ्हाणं केलं. आईबाप म्हणाले, "गुरुजी, हाताचं आम्ही बघतो. तुम्ही डोक्याचं बघा."

झालं. तेव्हापासून शाळेत नियम पडला. सगळ्यांनी हात मांडीखाली घालून बसायचं. गुरुजी फळ्यावर अक्षर काढायचे आणि मुलं ते काढायची चाल गाऊन म्हणायची, "र काढा, पोटात रेघ, शेजारी दांडा, झाला स." अक्षर डोळ्यांनी ओळखलं, की हात बाहेर काढून पाटीवर लिहायचं. ज्याला ओळखता येईना, त्याचे हात मांडीखालीच.

बहुतेक मुलं तशी शिकली. ही मात्र शिकेना. चाली सगळ्या तिला पाठ होत्या, आवाजही गोड होता. पण फळ्याकडे बघितलं की अक्षरं मुंग्यांसारखी इकडून तिकडे धावायची. स कुठला आणि ग कुठला, कळायचंच नाही. मागच्या रांगेत तिच्यासोबत आणखी दोघं होती. एकाला एका जागी बसवत नसे, तर दुसरीला कानानं कमी ऐकू यायचं. गुरुजी मनानं वाईट नव्हते. ते या तिघांना पुन्हा पुन्हा सांगायचे, तेच, तसंच, फक्त अधिक मोठ्यानं.

हिच्या मागून आलेली पोरं पुढे गेली. त्यांनी आपापल्या आजोबांची, आज्यांची नावं वाचली. दरवर्षी त्या पुनवेला ही गर्दीत उभी राहायची आणि घरी येऊन चुलीपुढे बसायची. धूर गेला म्हणून डोळे पुसते, असं सांगायची. बापही ते खरं मानायचा.

शेवटी एकदा गुरुजी घरी आले. "या पुनवेनंतर तिला शाळेत पाठवू नका," ते खाली बघत म्हणाले. "मी फार खटपट केली. तिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. तुमच्या हाताखाली घ्या, काम तरी शिकेल."

मुलगी दाराआड ऐकत होती. शाळा सुटली म्हणजे आईचं नावही सुटलं, कायमचं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मैत्रीण तिच्या कानाशी आली. "मी वाचलंय तुझ्या आईचं नाव. सांगू हळूच? कुणाला नाही कळणार."

एक शब्द. एवढ्याशा शब्दासाठी ती किती झुरली होती. पण तिनं मान हलवली. "नको गं. तू सांगितलंस तर ते तुझ्याकडून आल्यासारखं होईल. मला आईकडून हवंय."

पुनवेची सकाळ उजाडली. घाटावर सगळं गाव जमलं. भिंतीला हळद लावलेली. नाव वाचून होईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, हात पाठीमागे घेऊन वाचायचं, अशी शिस्त. शाळा सुटायच्या आधीची ही शेवटची संधी, म्हणून मुलीनं आपणहून वाचायला उभं राहायचं ठरवलं होतं. मुलीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा दोघीचौघी कुजबुजल्या, "ही कशाला उभी राहिली?"

ती भिंतीपुढे गेली. बापानं ते नाव खाली, लहान मुलीच्या उंचीला कोरलं होतं, आणि इतरांपेक्षा खोल. तिनं डोळे ताणले. मुंग्या धावायला लागल्या. तिनं पुन्हा बघितलं. मग डोळे भरले आणि मुंग्याही दिसेनाशा झाल्या. तोल गेला आणि आधाराला म्हणून तिचा हात भिंतीवर टेकला.

बोट नेमकं एका खाचेत गेलं.

दगड तिला काही परका नव्हता. बापाचा पाटा कुठे खरबरीत राहिलाय, ते ती डोळे मिटून सांगायची. बोट आपोआप खाचेतून चाललं. वळलं. थांबलं. पुन्हा चाललं.

"हात काढ भिंतीवरचा," कुणीतरी ओरडलं. "गुरुजी, बघता काय? बाजूला घ्या तिला."

गुरुजी पुढे झाले. तिचं मनगट धरायला त्यांनी हात लांबवला आणि त्यांना तिचा आवाज ऐकू आला. ती अगदी हळू गात होती, "र काढा... पोटात रेघ..."

गुरुजींचा हात हवेतच राहिला. सारं गाव बघत होतं. रीत मोडू दिली तर उद्या त्यांची शाळा राहते की जाते, कोण जाणे. ते खाली वाकले, तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि लोकांना म्हणाले, "तिला वाचू द्या." मग तिला म्हणाले, "बाळ, मोठ्यानं म्हण. घाई नाही."

"शेजारी दांडा. झाला स." बोट पुढे सरकलं. "आखूड काठी, लांब काठी, झाला ग. खाली शेपूट, गु." बोट पुढच्या अक्षरावर गेलं. "दोन काठ्यांचा झोका, शेजारी दांडा, ण. आणखी एक दांडा, णा."

तिनं बोट परत पहिल्या अक्षरावर नेलं आणि सगळं एका दमात फिरवलं.

"सगुणा," ती म्हणाली.

तिनं ते पुन्हा म्हटलं. नीट बसलं. तेवढ्यात गर्दीतून तिच्या बापानं हाक मारली, "सगुणा." आतल्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी साधी हाक. इतकी वर्षं पाण्याबरोबर गिळलेली हाक ती. मग तो तिथेच पायरीवर बसून रडला आणि त्याला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजी पहिलं वाक्य बोलले ते असं, "हात बाहेर काढा."

त्यांनी वाळूची ताटं मांडली, मातीची अक्षरं वळायला लावली. बसवत नव्हतं त्या मुलाला अंगणात भलंमोठं अक्षर आखून दिलं आणि त्यावरून चालायला सांगितलं. कमी ऐकू येणारीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ते अक्षर उच्चारू लागले. ज्यांना फळ्याकडे बघून येत होतं, ती फळ्याकडे बघून शिकली. त्यांचंही काही बिघडलं नाही.

आणि मुलीच्या घरी? नाव मिळालं म्हणून आई काही परत आली नाही. चुलीपुढची जागा रिकामीच होती, ओढही तशीच होती. पण जेवताना बाप आता बोलायचा. सगुणाला कैरी फार आवडायची. सगुणा हसली की थांबायची नाही. मुलगी ऐकता ऐकता पाटाच्या कडेवर बोटानं ते नाव गिरवत राहायची.

तात्पर्य काढायचंच तर एवढंच: मूल शिकत नाही असं म्हणण्याआधी, शिकवणाऱ्यानं त्याचे हात कुठे दाबून ठेवलेत ते बघावं.